क्लास डी अँप्लिफायर तापत का नाही, आणि मोठा मॉस्फेट टाकल्यावर का जळतो

प्रश्न सोलापूरकडच्या एका साउंडवाल्या तरुणाचा आहे. त्याच्याकडे अधिक-उणे ५० व्होल्टवर चालणारा क्लास डीचा बोर्ड होता. मॉस्फेटना चालू-बंदचा हुकूम देणारा ड्रायव्हर आयसी आयआरएस २०९२, आउटपुटला आयआरएफबी ४०१९ या मॉस्फेटची, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरची, जोडी. मॉस्फेट गेले. गावात तोच नंबर मिळेना, म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याने ‘जास्त ताकदीचे’ आयआरएफपी २६० एन घेतले आणि पाय वाकवून बसवले. दोन मिनिटांत तेही उडाले. त्याचं म्हणणं असं, की २६० तर ५० अँपिअरचा आणि ४०१९ फक्त १७ चा, मग मोठा कसा जळाला? जाता जाता आणखी दोन गोष्टी विचारल्यात: हे अँप्लिफायर मुळात तापत का नाहीत, आणि ‘डिजिटल’ असल्यामुळे आवाज खराब येतो का.

सुरुवात तापण्यापासून करतो. ते नीट समजलं की २६० का गेला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आपल्या ओळखीचा ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोडीचा जुना बोर्ड घ्या, सप्लाय तोच अधिक-उणे ५० व्होल्ट, स्पीकर ८ ओहमचा. गाण्यातल्या एखाद्या क्षणी स्पीकरमधून १ अँपिअर जातोय. स्पीकरवर पडले ८ व्होल्ट. सप्लायमध्ये आहेत ५०. उरलेले ४२ व्होल्ट कुठे गेले? वरच्या ट्रान्झिस्टरवर. त्याच्यातूनही तोच १ अँपिअर जातोय, म्हणजे ४२ वॅट उष्णता ट्रान्झिस्टरमध्ये आणि ८ वॅट स्पीकरला. जुन्या घरातल्या पंख्यांचा तो लाकडी पेटीसारखा रेग्युलेटर आठवतो का, आत तारेचे वेटोळे असलेला? पंखा एकवर ठेवला की पेटी हाताला चटका द्यायची. वीज खर्च व्हायचीच, फक्त वाऱ्याऐवजी पेटीत. ट्रान्झिस्टर तेच काम करतो, फरक एवढाच की तो स्वतःला सेकंदात हजारो वेळा कमीजास्त करतो.

पुस्तकात या जुन्या पद्धतीची, म्हणजे क्लास बीची, कार्यक्षमता ७८.५ टक्के लिहिलेली असते. ती फक्त पूर्ण आवाजात, एकसारख्या साइन वेव्हवर. गाणं तसं कधीच नसतं. पूर्ण ताकदीच्या आठव्या हिश्श्यावर, म्हणजे गाण्याची शिखरं क्लिपिंगला (लहरीचं टोक कापलं जातं त्या हद्दीला) जेमतेम टेकतात त्या पातळीवर, हाच आकडा २८ टक्क्यांच्या आसपास येतो. वरच्या बोर्डाचा हिशेब केला तर स्पीकरला सरासरी २० वॅट, सप्लायमधून ७० वॅट आणि हीटसिंकवर ५० वॅट. म्हणून तो पंखा, म्हणून ते किलोकिलोचं ॲल्युमिनियम.

आता मॉस्फेट फक्त दोनच अवस्थांत ठेवायचा असं ठरवू. पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. बंद असताना त्याच्यावर १०० व्होल्ट असतील, पण करंट शून्य, म्हणून उष्णताही शून्य. चालू असताना करंट आहे, पण ४०१९ चा रोध सुमारे ०.०८ ओहम, म्हणजे १ अँपिअरला ०.०८ वॅट. ४२ वॅटच्या जागी ०.०८. सगळी जादू इथेच आहे.

पण मग गाणं कसं वाजणार? आउटपुटला तर नुसतं अधिक ५० किंवा उणे ५०. इथे पायमशीन डोळ्यांपुढे आणा. आई पायट्यावर पाय मारते तो ठेक्याठेक्याने, पण बाजूचं जड चाक एकसारखं फिरत राहतं. ठेका बदलला की चाकाचा वेग सावकाश बदलतो, प्रत्येक ठोक्याचा धक्का सुईपर्यंत जात नाही. क्लास डीमध्ये ते चाक म्हणजे आउटपुटची कॉइल आणि तिच्यापुढचा कंडेन्सर. मॉस्फेट सेकंदाला चार लाख वेळा वर-खाली ठोके मारतात, आणि कॉइल-कंडेन्सर त्यांची सरासरी काढून स्पीकरला देतात. ४०० किलोहर्ट्झला एक फेरी २.५ मायक्रोसेकंदांची. त्यात वरचा निम्मा वेळ आणि खालचा निम्मा वेळ चालू असला की सरासरी शून्य, स्पीकर शांत. वरचा ५८ टक्के आणि खालचा ४२ टक्के वेळ चालला तर सरासरी आली अधिक ८ व्होल्ट. हा टक्का गाण्याच्या चढउताराप्रमाणे हलवत राहायचा, झालं अँप्लिफायर.

टक्का कोण ठरवतो? जुन्या पद्धतीत एका कंपॅरेटरच्या, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटच्या, एका पायावर गाणं आणि दुसऱ्यावर ४०० किलोहर्ट्झची त्रिकोणी लहर. गाणं त्रिकोणाच्या वर असेल तेवढा वेळ वरचा मॉस्फेट चालू. तुमच्या २०९२ मध्ये वेगळा त्रिकोण नाही. आउटपुटवरून परत आणलेला फीडबॅक आणि आतला इंटिग्रेटर (येणारं व्होल्टेज साठवत जाणारं सर्किट) मिळून तो स्वतःच डोलत राहतो. त्यामुळे शांत असताना ४०० वर चालणारा बोर्ड जोरात वाजताना त्याहून खाली येतो. स्कोपवर, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, हे पाहून बोर्ड बिघडला असं समजणारे मी पाहिलेत. बिघडलेला नसतो, तो तसाच चालतो.

हे ५८-४२ चं गणित थोडं पुढे न्या. वरचा मॉस्फेट चालू असताना १ अँपिअर अधिक सप्लायमधून येतो, सरासरी ०.५८ गुणिले ५०, म्हणजे २९ वॅट. खालचा चालू असतानाही कॉइल करंट थांबू देत नाही, तोच १ अँपिअर त्याच दिशेने वाहत राहतो, पण आता तो उणे सप्लायच्या कंडेन्सरला उलटा भरत असतो: ०.४२ गुणिले ५०, म्हणजे २१ वॅट परत. २९ वजा २१, उरले ८. स्पीकरला जेवढे हवे तेवढेच. हिशेब इतका चोख जुळतो की मला अजूनही मजा वाटते.

पण परत आलेल्या त्या २१ वॅटचं सप्लाय काय करणार? डायोडमधून मागे ट्रान्सफॉर्मरमध्ये तर जाता येत नाही. ते कंडेन्सरमध्ये साठतात आणि व्होल्टेज चढतं. वरच्या सुरांत हरकत नसते, पुढच्याच क्षणी लहर उलटते आणि साठलेलं वापरलं जातं. २५-३० हर्ट्झच्या बासला मात्र ती उलटायला वेळ लागतो. एका सबवूफरच्या बोर्डावर मी ५० व्होल्टचा सप्लाय ६२ पर्यंत चढताना पाहिलाय, आणि वर कंडेन्सर ६३ व्होल्टचे. अँप दर थोड्या वेळाने ओव्हरव्होल्टेजला बंद पडायचा, मालक म्हणायचा आयसी ‘लूज’ आहे. उपाय फुकटचा आहे. दोन चॅनल असतील तर एकाचा इनपुट उलटा करायचा आणि त्याच चॅनलच्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करायच्या. बास दोन्हीकडे सारखाच असतो, मग एक चॅनल जे उणेला परत करतो तेच दुसरा उणेकडून घेतो. एकच चॅनल असेल तर मोठे कंडेन्सर, नाहीतर ब्रिज, म्हणजे स्पीकरच्या दोन टोकांना उलटसुलट चालणारे दोन अँप.

आता कॉइल-कंडेन्सरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दुरुस्तीला येणारे निम्मे बोर्ड इथेच फसलेले असतात. सर्वसाधारण बोर्डावर २२ मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरड असतात. त्यांचा नाका, म्हणजे जिथून वरचे सूर अडायला लागतात ती जागा, येतो ४१ किलोहर्ट्झला. ४ ओहमचा स्पीकर लावला तर २० किलोहर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट. तोच बोर्ड ८ ओहमवर चालवला तर २० किलोहर्ट्झला आवाज दीड डेसिबल वर उचलतो. म्हणून एकच बोर्ड कुणाला ‘छान’ वाटतो आणि कुणाला ‘चिरका’. स्पीकर न लावता चालवला तर ४१ किलोहर्ट्झला काही अडवणूकच राहत नाही. माइक शिटी मारायला लागला किंवा अँप क्लिप झाला की कॉइल-कंडेन्सर स्वतःच घुमायला लागतात आणि आउटपुटजवळचा तो छोटा १० ओहमचा रेझिस्टर काळा पडतो. बोर्ड हातात आल्यावर मी आधी तोच बघतो. तो जळालेला दिसला की विचारतो, ‘लोड न लावता कुणी चालवला?’ उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं.

आउटपुटवर थोडं ४०० किलोहर्ट्झ उरतंच. वरच्या किमतींना ते सुमारे अर्धा व्होल्ट भरतं. स्कोपवर साइन वेव्हची रेघ बारीक न दिसता स्केच पेनने ओढल्यासारखी जाड दिसते. ट्विटरला (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरला) त्याने काही होत नाही, तीस मिलीवॅटसुद्धा जात नाहीत. स्वस्तातला डिजिटल मीटर मात्र गोंधळून काहीही आकडे दाखवतो. मोजायचंच असेल तर मीटरच्या आधी एक रेझिस्टर आणि कंडेन्सर लावून ते गाळून घ्या. आणि रेडिओ. आकाशवाणी पुणे मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला. तुमचा बोर्ड ३९६ वर डोलत असेल तर त्याचा दुप्पट सूर नेमका तिथे पडतो. शेजाऱ्याच्या ट्रान्झिस्टर रेडिओमध्ये घरघर येते ती या कारणाने. स्पीकरच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, बरीच कमी होते.

कॉइलचं माझं एक जुनं पाप सांगतो. सुरुवातीला पुण्याच्या तपकीर गल्लीत तयार कॉइल महाग वाटली, म्हणून कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसमधला (स्विचिंग पद्धतीच्या सप्लायमधला) पिवळा-पांढरा गोल कोअर काढला आणि त्यावर तार गुंडाळली. मायक्रोहेन्री बरोबर आल्या. बोर्ड चालू केला, आवाज मस्त. पाच मिनिटांनी इनॅमल जळाल्याचा वास आला, मी मॉस्फेटला हात लावून पाहतोय, ते गार. कॉइलला बोट लावलं आणि फोड आला. गाणं बंद होतं तरी ती तापत होती. कारण असं, की ५० व्होल्ट सव्वा मायक्रोसेकंद एका बाजूने आणि सव्वा मायक्रोसेकंद दुसऱ्या बाजूने लागतात, तेव्हा २२ मायक्रोहेन्रीतून सुमारे २.८ अँपिअरचा करंट शांततेतसुद्धा सतत वर-खाली होत असतो. तो पिवळा-पांढरा कोअर डीसीच्या बाजूच्या चोकसाठी बनवलेला, ४०० किलोहर्ट्झला तो शेगडी होतो. लाल कोअर त्यासाठी बरा. एसएमपीएसच्या ट्रान्सफॉर्मरचा फेराइट घ्याल तर त्यात गॅप हवी, नाहीतर जोराच्या ठेक्याला तो सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, कॉइल नुसती तार उरते आणि मॉस्फेट जातात.

आता उष्णता खरंच शून्य असते का? नाही. चालू अवस्थेतून बंद अवस्थेत जाताना मध्ये काही नॅनोसेकंद मॉस्फेट दोन्हींच्या मध्ये असतो, व्होल्टेजही आहे आणि करंटही. समजा एका बदलाला २० नॅनोसेकंद लागतात. फेरीत दोन बदल, ४० नॅनोसेकंद, म्हणजे २,५०० पैकी १.६ टक्के वेळ. १०० व्होल्ट आणि ५ अँपिअर धरले, आणि बदलताना दोन्ही पूर्ण नसतात म्हणून निम्मं केलं, तर सरासरी ४ वॅट. सहन होतात. हाच बदल २० ऐवजी १०० नॅनोसेकंदांचा झाला तर २० वॅट. क्लास डीत जे काही बिघडतं ते असं वेळेत बिघडतं. जुन्या बोर्डावर प्रश्न असायचा ‘किती वॅट सोसेल?’, इथे प्रश्न असतो ‘किती लवकर बाजूला होईल?’

आणि आता तुमचा २६०.

मॉस्फेटचा गेट म्हणजे एक छोटा कंडेन्सर. तो भरला की मॉस्फेट चालू, रिकामा केला की बंद. किती भरावा लागतो हे डेटाशीटमध्ये नॅनोकूलोममध्ये दिलेलं असतं. ४०१९ ला १३. तुमच्या २६० एनला कमाल २३४. अठरापट! अँपिअर पाहून घेतलेली वस्तू म्हणजे घागरीच्या जागी ठेवलेला रांजण, आणि नळ तोच. २०९२ गेटला फार तर १ अँपिअर देऊ शकतो. १ अँपिअरने १३ नॅनोकूलोम भरायला १३ नॅनोसेकंद, २३४ भरायला २३४. वाटेत गेटचा रेझिस्टर आहे, म्हणजे प्रत्यक्षात दोन्हींना त्याहून जास्तच.

एक मॉस्फेट बंद होणं आणि दुसरा चालू होणं यांच्यात ड्रायव्हर थोडी उसंत ठेवतो. तिला डेड टाइम म्हणतात. २०९२ मध्ये ती दोन रेझिस्टरनी ठरवता येते, २५ नॅनोसेकंदांपासून १०० च्या आसपासपर्यंत. ४०१९ साठी बनवलेल्या बोर्डावर ती कमीच ठेवलेली असते. तुमचा वरचा २६० अजून रिकामा होतोय, तोवर उसंत संपली आणि खालच्याने उघडायला सुरुवात केली. दोन्ही एकदम चालू, म्हणजे अधिक ५० आणि उणे ५० सरळ एकमेकांना जोडले गेले. स्पीकर लावलेला नसला तरी, गाणं नसलं तरी, सेकंदाला आठ लाख वेळा. दोन मिनिटं टिकले हेच खूप.

त्यात आणखी दोन गोष्टी झाल्या. गेटसाठीचा १२ व्होल्टचा सप्लाय बोर्डावर एका छोट्या रेग्युलेटरमधून येतो. ४०१९ ला एका गेटमागे ५ मिलीअँपिअर लागायचे, २६० ला ९४ लागतात. दोघांचे मिळून १८० च्या वर. त्या रेग्युलेटरला हात लावून पाहिला असता तर मॉस्फेट जाण्याआधीच कळलं असतं. १२ व्होल्ट खाली बसले की गेट अर्धवट उघडतो, आणि अर्धवट उघडा मॉस्फेट म्हणजे पुन्हा तोच पंख्याचा रेग्युलेटर. दुसरं जास्त खोचक आहे. २०९२ ओव्हरकरंट (प्रमाणाबाहेर करंट) ओळखतो तो मॉस्फेट चालू असताना त्याच्यावर किती व्होल्ट पडतात ते पाहून. त्याच्या हिशेबात रोध ०.०८ ओहम. तुम्ही ०.०४ वाला बसवलात, मग त्याला खऱ्याच्या निम्माच करंट दिसतो. संरक्षण तुम्हीच दुप्पट उशिरावर नेऊन ठेवलंत. दुकानदाराला दोष देत नाही, ५२०० च्या जमान्यात ‘एक नंबर मोठा टाक’ हा सल्ला खराच होता.

वाकवलेले पायही सोडू नका. नॅनोसेकंदांच्या जगात एक सेंटिमीटर पाय म्हणजे एक छोटी कॉइल. करंट एकदम तोडला की ती उसळी मारते आणि १०० व्होल्टच्या जागी स्कोपवर १३०-१४० ची शिंगं दिसतात, मागे घंटेसारखी थरथर. चांगल्या बोर्डावर दोन्ही मॉस्फेट अगदी शेजारी असतात आणि सप्लायचा एक फिल्म कंडेन्सर त्यांच्या पायांना चिकटून असतो. मोठे इलेक्ट्रोलायटिक चार बोटांवर असले तरी चालतात, हा लहान मात्र तिथेच लागतो. कुणी बोर्ड ‘नीटनेटका’ करायला तो उचलून बाजूला ठेवलेला मी पाहिलाय.

नकली मालाचं वेगळं संकट आहे. एकदा मी ४०१९ म्हणून घेतलेले दहा नग साध्या कॉम्पोनंट टेस्टरवर लावले. खऱ्याचा गेट आठशे-हजार पिकोफॅरडच्या आसपास दाखवायला हवा. दहापैकी सात साडेतीन हजारांवर होते. वरचा छाप लेझरचा, स्पष्ट, खऱ्यापेक्षाही सुबक. नखाने खरवडल्यावर खाली दुसऱ्याच पॉलिशचा पृष्ठभाग. आता प्रत्येक नग बसवण्याआधी टेस्टरवर लावतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आवाजाचं म्हणाल तर पहिल्यांदा ते ‘डिजिटल’ डोक्यातून काढा. डी हे डिजिटलचं डी नाही. ए, बी, सी ही अक्षरं वापरून झाली होती, पुढचं डी मिळालं. तुमच्या बोर्डात एकही शून्य-एक नाही. ठोक्याची रुंदी कितीही बारीक बदलू शकते आणि ती बारकाई म्हणजेच गाणं. काही आयसी थेट डिजिटल सिग्नल घेतात हे खरं, पण ती वेगळी जात.

बदनामी मात्र उगाच झालेली नाही. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने १९६४ मध्ये एक्स-१० नावाचा १० वॅटचा किट विकला, हीच पद्धत. तेव्हाचे ट्रान्झिस्टर इतके सुस्त की १० वॅट मिळालेच नाहीत आणि आसपासचे रेडिओ बंद पडायची पाळी. कल्पना बरोबर होती, वेगाने बंद होणारी वस्तूच नव्हती. पॉवर मॉस्फेट आल्यावर ती मिळाली. पुढे आद्या त्रिपाठी या भारतात जन्मलेल्या इंजिनिअरच्या ट्रायपाथ कंपनीने टीए २०२० हा छोटा आयसी काढला. त्याच घराण्यातल्या टीए २०२४ वर बनलेल्या स्वस्त अँप्लिफायरच्या डबीने भल्याभल्या हौशी लोकांना बुचकळ्यात टाकलं. कंपनी २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तोवर ‘क्लास डी म्हणजे फक्त सबवूफरला’ हे मत मोडलं होतं.

खराबी येते ती मुख्यतः त्या उसंतीतून. १०० व्होल्ट, ४० नॅनोसेकंद, ४०० किलोहर्ट्झ यांचा गुणाकार केला तर १.६ व्होल्टची चूक निघते, आणि ती करंटची दिशा बदलते तिथे उडी मारते. जुन्या बोर्डावर बायस (ट्रान्झिस्टरमधला शांततेतला थोडा करंट) कमी पडला की जो खरखरीत आवाज येतो त्याचीच ही बहीण. उसंत कमी केली की आवाज सुधारतो आणि मॉस्फेट धोक्यात येतात, वाढवली की उलट. उरलेली चूक फीडबॅक पुसतो. २०९२ चा फीडबॅक कॉइलच्या आधीच घेतलेला असतो, त्यामुळे कॉइलचे आणि स्पीकरचे दोष त्याला दिसतच नाहीत. फिलिप्समध्ये असताना ब्रुनो पुटझेस यांनी कॉइलच्या पुढून फीडबॅक घेण्याची जी पद्धत बसवली, तिच्यानंतर ही तक्रारही मोडीत निघाली. माझं स्वतःचं मत सांगतो: चांगला क्लास डी आणि चांगला जुन्या पद्धतीचा क्लास एबी यांच्यातला फरक मला डोळे मिटून ओळखता येत नाही, आणि ‘येतो’ म्हणणाऱ्या तिघांची मी दुकानात परीक्षा घेतली आहे. वाईट क्लास डी मात्र झांजेच्या पहिल्या फटक्याला कळतो.

लहान बोर्डांबद्दल थोडंच. टीपीए ३११६ वर ‘५० अधिक ५० वॅट’ लिहिलेलं असतं. ते २१ व्होल्ट आणि ४ ओहमवर. तुम्ही १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर लावलात तर अडॅप्टरच २४ वॅटचा, दोन्ही चॅनल मिळून त्यापेक्षा जास्त कुठून येणार? आणि या बोर्डांचा स्पीकरचा काळा टर्मिनल म्हणजे ग्राउंड नाही. दोन्ही टर्मिनल स्वतंत्रपणे ठोके मारत असतात. मी पहिल्यांदा स्कोपच्या प्रोबची क्लिप (ती आतून ग्राउंडला जोडलेली असते) सवयीने काळ्या टर्मिनलला लावली होती. ‘टक्’ एवढाच आवाज आला. गाडीत दोन स्पीकरच्या उणे वायरी एकत्र बॉडीला जोडणारेही याच आवाजाचे धनी.

तुमच्या बोर्डाचं आता असं करा. २६० काढा. दोन्ही गेटचे रेझिस्टर उचलून मोजा, मॉस्फेट शॉर्ट होताना हे बहुतेक वेळा ओपन होतात, म्हणजे आतून तुटतात, आणि वरून शाबूत दिसतात. वरच्या गेटच्या सप्लायचा छोटा डायोड आणि त्याच्याजवळचा कंडेन्सर बदलून टाका, दोन्ही मिळून दहा-वीस रुपयांचे. १२ व्होल्टचा रेग्युलेटर तपासा. मॉस्फेट न बसवता सप्लाय द्या, १२ व्होल्ट स्थिर राहतात का पाहा. हे सगळं बरोबर असेल तरी २०९२ शाबूत असेलच असं नाही. मॉस्फेट शॉर्ट झाले की गेटमधून ५० व्होल्ट आत शिरतात, म्हणून मी तो सहसा बदलतोच.

मग खरे ४०१९ लावा, किंवा मिळाले नाहीत तर व्होल्टेज १५० च्या वर, गेट चार्ज २०-२५ च्या आत आणि रोध ०.०८ च्या आसपास असा नंबर शोधा. अँपिअर शेवटी बघा. पहिल्यांदा चालू करताना दोन्ही सप्लायला ४७ ओहम १० वॅटचे रेझिस्टर सिरीजमध्ये घाला, स्पीकर लावू नका, इनपुट शॉर्ट ठेवा. आपला नेहमीचा सिरीजचा बल्ब एसएमपीएसवर फसवतो, सप्लाय सुरू-बंद होत राहतो आणि काहीच कळत नाही. रेझिस्टरवर दोन-तीन व्होल्ट पडले तर ठीक, वीस पडले तर लगेच बंद करा, दोन्ही मॉस्फेट एकदम उघडताहेत. ठीक असेल तर मॉस्फेटच्या जोडावर स्कोप लावा. कडा उभ्या हव्यात, शिंगं १२० च्या आत. पाच मिनिटांनी बोट लावून पाहा: मॉस्फेट कोमट, कॉइल कोमट. कॉइल मॉस्फेटपेक्षा जास्त तापली तर तिचा कोअर कोणत्या रंगाचा आहे ते मला कळवा.